वडिलांची झोप विस्कटली आहे, चालही मंदावली आहे: झोपेची गोळी वाढवावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७६ वर्षांचे. रात्री साडेआठला अंथरुणाला पाठ टेकतात, पण डोळा लागतो अकराच्या सुमारास. मध्ये तीनदा लघवीला उठतात. पहाटे चारला टक्क जाग येते, तरी सातपर्यंत तसेच पडून असतात. दुपारी दीड तास झोप होते, संध्याकाळी टीव्हीसमोर अर्धा तास डुलक्या. वर्षभरात चाल मंदावली आहे, खुर्चीतून उठताना हातांनी रेटा द्यावा लागतो आणि गेल्या महिन्यात रात्री बाथरूमच्या वाटेवर ते पडले. दोन वर्षांपासून रोज रात्री क्लोनाझेपामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. तुम्ही विचारता की अपुऱ्या झोपेमुळेच अंगातली शक्ती गेली का, गोळी वाढवली तर झोप आणि शक्ती दोन्ही परत येतील का, आणि रात्री त्यांच्या खोलीत कुणी झोपावं का.

सगळ्यांत आधी: गोळी वाढवू नका. आणि घाबरून आज रात्रीपासून एकदम बंदही करू नका. दोन्हींची कारणं पुढे देतो. मी वृद्धांचे आजार पाहणारा डॉक्टर आहे आणि झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्या वयस्कर माणसाला मी प्रथम खुर्चीतून उठायला आणि चार पावलं चालायला सांगतो. घरच्यांना ते विचित्र वाटतं. पण या वयात रात्रीची झोप आणि पायांतलं बळ ही दोन वेगवेगळी दुखणी म्हणून हाताळली की दोन्ही बिघडतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तेच होत आलं आहे असं मला वाटतं.

आधी हिशेब मांडू. रात्री साडेआठ ते सकाळी सात, म्हणजे साडेदहा तास ते अंथरुणात आहेत. अकरा ते चार हे पाच तास. त्यातून तीनदा उठण्याचा आणि परत डोळा लागण्याचा वेळ वजा केला तर साडेचार तास उरतात. दुपारचा दीड तास आणि संध्याकाळचा अर्धा तास मिळवा. चोवीस तासांत झोप झाली साडेसहा तास. अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशननं २०१५ साली ६५ वर्षांवरच्यांसाठी सात ते आठ तासांची शिफारस केली, आणि काही जणांना पाच-सहा तासही पुरू शकतात हेही त्यातच नोंदवलं. त्या मापानं वडिलांची झोप फारशी कमी नाही. ती दिवसरात्रीत विखुरली आहे. रात्री अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी जेमतेम ४३ टक्के वेळ ते झोपलेले असतात. आम्ही ८५ टक्क्यांच्या आसपास समाधान मानतो. गोळीचा डोस ठरवताना हा हिशेब बहुतेक वेळा कुणी केलेलाच नसतो.

वय वाढलं की झोप बदलते, हे खरंच आहे. गाढ झोपेचा टप्पा, ज्यात मेंदूच्या लहरी संथ आणि उंच होतात, तो मध्यम वयापासूनच आक्रसत जातो. झोप उथळ होते, बारीकशा आवाजानं मोडते. शरीराचं घड्याळही पुढे सरकतं, म्हणून संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. डोळ्यातलं भिंग पिवळसर झाल्यानं या घड्याळाला वेळ लावून देणारा निळसर उजेडही आत कमी पोचतो. पण यातला बराचसा बदल साठीपर्यंत घडून गेलेला असतो. साठीनंतर निरोगी माणसाची झोप त्या मानानं फार हळू बदलते. म्हणूनच ‘वयच झालंय, झोप कमी होणारच’ हे वाक्य मला खटकतं. ७४ व्या वर्षी बरी झोपणारी व्यक्ती ७६ व्या वर्षी झोपेनासी झाली, तर त्याला काहीतरी कारण असतं आणि ते शोधावं लागतं.

आता पहिला प्रश्न: अपुऱ्या झोपेनं शक्ती जाते का? काही अंशी, हो. गाढ झोपेत वाढीचं संप्रेरक सर्वाधिक स्रवतं; तरुणपणी तर दिवसभरातला त्याचा मोठा हिस्सा रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेतच येतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात निरोगी तरुणांना एक रात्र पूर्ण जागं ठेवलं, तेव्हा स्नायूंमध्ये नवी प्रथिनं तयार होण्याचा वेग १८ टक्क्यांनी उतरला आणि स्नायू झिजवणारं कॉर्टिसॉल वाढलं. हा प्रयोग तरुणांवरचा आहे आणि तुमचे वडील रात्रभर जागे नसतात, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा त्यांना लावता येणार नाही. दिशा मात्र कळते. वृद्धांना वर्षानुवर्षं पाहणाऱ्या अभ्यासांतही मनगटावरच्या यंत्रानं झोप मोजली, तेव्हा तुटक झोपणाऱ्यांची पकड ढिली आणि चाल मंद आढळली. पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या वृद्ध स्त्रिया जास्त वेळा पडल्या. स्नायूंपलीकडेही एक गोष्ट आहे. चालताना तोल राखायला लक्ष लागतं. पाय अडखळला तर दुसरा पाय क्षणात पुढे यावा लागतो, आणि झोप न झालेल्या मेंदूला तो क्षण उशिरा सापडतो.

तरीही मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. झोप सुधारली म्हणून गेलेले स्नायू आपोआप भरून येत नाहीत. स्नायू वाढतात ते त्यांच्यावर भार पडल्यावर. झोप सुधारल्यानं तो भार घेण्याचा हुरूप येतो, व्यायामाचा गुण लागतो, दुखणं सोसवतं. एवढंही पुष्कळ आहे, पण ते व्यायामाची जागा घेत नाही.

उलट दिशेनं होणारं नुकसान कितीतरी मोठं असतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पाय थकले की माणूस बाहेर पडणं टाळतो. बाहेर पडला नाही की उजेड मिळत नाही, दमणूक होत नाही, दिवस रिकामा जातो आणि रिकाम्या दिवसात डुलक्या येतात. मग रात्री झोप येत नाही म्हणून ‘निदान आराम तरी होईल’ या समजुतीनं तो अंथरुणात जास्त वेळ काढतो. हा आराम वृद्ध शरीराला फार महाग पडतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस पूर्ण अंथरुणात ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं चरबीविरहित वजन जवळपास एक किलोनं घटलं आणि गुडघा ताठ करणाऱ्या स्नायूंची ताकदही ठळकपणे उतरली. तुमचे वडील काही दिवसभर झोपून नाहीत. पण साडेदहा तास रात्री, दीड तास दुपारी आणि उरलेला बराच वेळ टीव्हीसमोर, अशी दोन वर्षं गेली तर पायांना काम राहतंच किती?

म्हणून उद्या सकाळी दोन गोष्टी मोजा. हातांची नसलेली, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे ती मागे सरकणार नाही. वडिलांच्या पायांत न घसरणारी चप्पल किंवा बूट असू द्या. पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर आडवे बांधलेले. तुम्ही बाजूला, हात देता येईल इतक्या जवळ उभे राहा. आधी एकदा हात न लावता उठून दाखवायला सांगा. तेच जमलं नाही तर थांबा, जोर करू नका, उत्तर मिळालं. जमलं तर सलग पाच वेळा उठायला-बसायला सांगा, ‘उठा’ म्हणत वेळ लावा आणि पाचव्यांदा ताठ उभे राहिले की थांबवा. पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर पायांत ताकद कमी आहे असं युरोपातले तज्ज्ञ धरतात; आशियातल्या तज्ज्ञगटानं २०१९ साली ही मर्यादा बारा सेकंदांवर आणली. या वेळी नुसत्या आकड्याकडे पाहू नका. शेवटच्या दोन खेपांना ते धपकन बसतात का, उठताना गुडघे आत वळतात का, उठल्यावर क्षणभर डोलतात का, श्वास लागतो का, हे सगळं टिपून ठेवा. दुसरं मोजमाप चालण्याचं. टेपनं चार मीटर अंतर आखा आणि नेहमीच्या वेगानं चालायला सांगा. पाच सेकंदांहून जास्त लागले, तर वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली आहे, आणि ती काळजीची खूण आहे. दर पंधरा दिवसांनी त्याच खुर्चीवर, त्याच जागी, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजा. ‘रात्री किती तास झोपलात?’ असं रोज सकाळी विचारणं मात्र बंद करा. त्या प्रश्नानं माणूस झोपेची धास्ती घेतो, आणि धास्ती घेतली की झोप आणखी लांब जाते.

आता गोळी. क्लोनाझेपामचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण तीस ते चाळीस तास लागतात. म्हणजे आजची गोळी घेताना कालची अर्ध्याहून अधिक अंगात असते. ती रात्री तीनला बाथरूमकडे जाताना असते, सकाळी जिना उतरताना असते आणि दुपारच्या डुलकीतही असते. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेची ‘बीअर्स निकष’ नावाची यादी आहे, वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची. २०२३ च्या आवृत्तीतही या जातीच्या सगळ्या गोळ्या तिच्यात आहेत. अल्प्राझोलाम आहे, डायझेपाम आहे आणि ‘नवीन, सुरक्षित’ म्हणून दिली जाणारी झोल्पिडेमही आहे. पडणं, हाड मोडणं, गोंधळ उडणं ही त्यामागची कारणं. साठीपुढच्यांवरच्या चाचण्या एकत्र करून २००५ साली मांडलेला एक हिशेब मी रुग्णांच्या मुलांना नेहमी सांगतो: तेरा जणांनी झोपेची गोळी घेतली तर त्यातल्या एकाला झोप सुधारल्याचा फायदा होतो, आणि सहा जणांनी घेतली तर एकाला काही ना काही अपाय होतो. पडून आलेल्या ७६ वर्षांच्या माणसाला हीच गोळी दुप्पट करून देणं मला अजिबात मान्य नाही.

पण दोन वर्षांची सवय एका रात्रीत तोडली तर झोप पार उडते, हात थरथरतात, जीव घाबराघुबरा होतो, क्वचित फिटही येते. म्हणून ती उतरवायची पायरीपायरीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. साधारण पद्धत अशी की दर दोन आठवड्यांनी डोस पाव हिश्शानं कमी करायचा आणि शेवटी शेवटी त्याहूनही हळू जायचं. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर तिथेच थांबायचं, मागे फिरायची घाई करायची नाही. त्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या: ही गोळी मुळात कशासाठी सुरू झाली होती? क्लोनाझेपाम फिट्ससाठी देतात, आणि झोपेत हातपाय झाडण्याच्या एका विकारासाठीही देतात. तसं काही असेल तर निर्णय वेगळा होईल. वडील ऐकणार नाहीत अशी भीती तुम्हाला असेल. कॅनडात वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना एक साधी माहितीपुस्तिका दिली होती, गोळीचे धोके आणि ती उतरवण्याच्या पायऱ्या सांगणारी. सहा महिन्यांत त्यांपैकी २७ टक्क्यांनी गोळी पूर्ण सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. तेव्हा वडिलांच्या पाठीमागे त्यांच्या गोळ्या मोजण्यापेक्षा त्यांच्यासमोर बसा आणि कारण समजावून सांगा. बऱ्याच वयस्कर माणसांना ‘या गोळीनं तुम्ही पडलात’ हे कुणी स्पष्ट सांगितलेलंच नसतं.

औषधांचा डबा उघडलाच आहे तर आणखी एक पाहा. सर्दी-खाजेच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या त्यात आहेत का? ‘गोळी साधी आहे, झोपही लागते’ म्हणून त्या घरोघरी घेतल्या जातात. वृद्धांत त्यांनी तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, स्मरण ढळतं. झोपेसाठी त्या घेऊ नयेतच.

तीनदा लघवीला उठणं ही मला या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची खूण वाटते, कारण ते पडले त्याच वाटेवर. इथे पहिला प्रश्न असा: लघवी लागल्यानं जाग येते, की जाग आल्यावर ‘उठलोच आहे तर जाऊन येऊ’ असं होतं? झोप उथळ असेल तर दुसरा प्रकार फार आढळतो. हे ओळखायला तीन दिवस चोवीस तासांची लघवी मापाच्या भांड्यात मोजून वेळेसह लिहा. रात्रीची आणि उठल्यावरची पहिली लघवी मिळून चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरली, तर दोष मूत्राशयाचा किंवा प्रोस्टेटचा नसून शरीर रात्री जास्त लघवी तयार करतं आहे. त्याचीही कारणं असतात. दिवसभर पाय खाली सोडून बसणाऱ्याच्या घोट्यांत पाणी उतरतं आणि आडवं झाल्यावर तेच रक्तात परत येऊन मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू असेल तर घोटे आणखी सुजतात. संध्याकाळी घोट्यावर अंगठा दाबून खळगा राहतो का ते बघा. राहत असेल तर दुपारनंतर तासभर पाय उंच ठेवून बसवा, म्हणजे ते पाणी झोपण्याआधीच निघून जाईल. लघवी वाढवणारी गोळी ते कोणत्या वेळी घेतात हेही डॉक्टरांना विचारा. साखर तपासा. संध्याकाळनंतर पाणी आवरतं घ्या, पण दिवसाचं पाणी तोडू नका. तहानलेला वृद्ध चक्कर येऊन पडतो. लघवी थोडी थोडी आणि पुन्हा पुन्हा होत असेल, धार बारीक असेल, तर मात्र प्रोस्टेट पाहावं लागेल.

रात्री जास्त लघवी होण्याचं आणखी एक कारण डॉक्टरांच्याही नजरेतून निसटतं, ते म्हणजे झोपेत श्वास अडकणं, स्लीप अॅप्निया. बंद झालेल्या घशातून श्वास ओढताना छातीतला दाब खूप उतरतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. रक्त जास्त झालं असं समजून हृदय एक संप्रेरक सोडतं आणि ते मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावतं. म्हणजे माणूस उठतो श्वास अडकल्यानं आणि त्याला वाटतं लघवी लागली होती. तरुणांत हा विकार बहुधा जाड, मोठ्यानं घोरणाऱ्या माणसांत दिसतो. सत्तरीनंतर तो सडसडीत माणसातही सापडतो आणि घोरणं मंद असू शकतं. दिवसा सतत पेंग, सकाळी डोकं जड, रक्तदाब आटोक्यात न येणं या खुणा असतील तर झोपेची तपासणी करून घ्या; ती हल्ली घरीही करता येते. आणि अॅप्निया असलेल्याला गुंगीची गोळी दिली तर श्वास आणखी अडू शकतो, हेही डोस वाढवू नका म्हणण्यामागचं एक कारण आहे. श्वासाचं मशीन लावल्यावर अशा रुग्णांच्या रात्रीच्या फेऱ्या कमी झालेल्या मी नेहमी पाहतो.

पडण्याचं कारण मूत्राशय किंवा गोळीपलीकडेही असू शकतं. आडवे असताना रक्तदाब मोजा, मग उभं करून एका आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर उभं राहताच मेंदूला रक्त कमी पडतं आहे. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी हे होतं, आणि रात्री अंधारात, अर्धवट झोपेत त्याचा फटका जास्त बसतो. तोवर त्यांना एक शिस्त लावा: जाग आली की आधी पडल्या पडल्या पावलं दहा-वीस वेळा वरखाली हलवायची, मग उठून पलंगाच्या कडेला पाय जमिनीला टेकवून मिनिटभर बसायचं, चष्मा लावायचा, आणि मगच उभं राहायचं. वाटेत जमिनीलगत मंद पिवळसर दिवा असावा. पलंगाची उंची अशी हवी की बसल्यावर पावलं पूर्ण टेकतील. फार खोल गादीतून उठणं अशक्त मांड्यांना कठीण जातं. आणि पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. मोडलेल्या खुब्यापेक्षा ते शंभरपट बरं.

इतर कारणांकडे मी धावती नजर टाकतो. रात्री पडल्यावर पायांत वळवळ होते, हलवले की बरं वाटतं असं ते म्हणत असतील तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर लोह देऊन पाहतात. झोपेत ओरडणं, ठोसे-लाथा मारणं, स्वप्न अंगानं खेळल्यासारखं वागणं दिसलं तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा, कारण पार्किन्सनसारखे आजार कधी कधी हातपाय थरथरण्याच्या पुष्कळ वर्षं आधी या खुणेनं सुरू होतात. चाल मंदावली असताना तर हे विचारलंच पाहिजे. गुडघा-कंबर रात्री ठणकत असेल तर आधी त्यावर उपाय हवा. पहाटे चारला जाग, सकाळी मन उदास, कशात रस नाही, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर चांगला उपचार आहे. वृद्ध माणूस ‘उदास आहे’ असं सहसा म्हणत नाही, ‘झोप येत नाही’ म्हणतो.

आता उपाय. तो सकाळी सुरू होतो. दिवसभरात झोपेची भूक साठत जाते, आणि संध्याकाळची डुलकी ही जेवणाच्या तोंडावर पोटभर खाल्ल्यासारखी आहे. मग ताटावर बसून भूक लागत नाही. म्हणून संध्याकाळची डुलकी पहिली बंद करा. त्या वेळी त्यांना हलतं ठेवा, बोलतं ठेवा, घरातलं एखादं काम त्यांच्याकडे सोपवा. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची, तीही शक्यतो पलंगावर न पडता आरामखुर्चीत. सकाळी उठल्यावर तासाभरात त्यांना घराबाहेरच्या उजेडात न्या. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कैक पट असतो. चहा-कॉफी दुपारनंतर नको, मद्य तर झोपेसाठी नकोच.

मग व्यायाम, आणि इथे मी सौम्य बोलणार नाही. नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली ६५ वर्षांवरच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली, त्यासोबत दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा आणि तीन दिवस तोल व ताकद दोन्हींचा व्यायाम. तुमच्या वडिलांनी सुरुवात खुर्चीपासूनच करावी. सीटवर घट्ट उशी ठेवून ती इतकी उंच करा की हात न लावता जेमतेम उठता येईल. पाच वेळा उठायचं, बसताना तीन आकडे मोजत हळू बसायचं. थोडं थांबून पुन्हा पाच. असं एक दिवसाआड. दहा वेळा सहज जमू लागलं की उशी पातळ करायची. ओट्याला धरून टाचा उचलणं, एक पायरी चढणं-उतरणं, भिंतीजवळ एका पावलामागे दुसरं पाऊल ठेवून उभं राहणं, हे त्याच्या जोडीला. ते पडलेले असल्यामुळे पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली करा. मूत्रपिंड ठीक असतील तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. त्याशिवाय व्यायामाचं चीज होत नाही. झोपेवर याचा परिणाम लगेच दिसणार नाही. १९९७ सालच्या एका चाचणीत ५० ते ७६ वर्षांच्या माणसांची झोप नियमित मध्यम व्यायामानं सुधारली, पण त्याला सोळा आठवडे लागले. पायांतला फरक बहुधा त्याआधीच दिसतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ’ चाचणीत ७० ते ८९ वर्षांच्या १६३५ जणांना घेतलं होतं. त्यांतल्या चालणं, ताकद आणि तोल असा व्यायाम करणाऱ्या गटात चालणं गमावण्याचं प्रमाण घटलं.

अंथरुणातला वेळ कमी करणं हा निद्रानाशावरचा आजवरचा सर्वांत गुणकारी बिनऔषधी उपाय आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ साली निद्रानाशासाठी जो वर्तनोपचार पहिला द्यायला सांगितला, त्याचा हा गाभा. तरुणांत आम्ही तो एकदम कडक लावतो. पडलेल्या ७६ वर्षांच्या माणसाला मी तसा लावत नाही, कारण पहिल्या आठवड्यात येणारी दिवसाची गुंगी त्यांना पुन्हा पाडू शकते. हळूहळू आवळायचं. उठण्याची वेळ आधी पक्की करा, समजा सकाळी सहा; रात्र कशीही गेली तरी सहा. झोपायला जाण्याची वेळ पहिल्या आठवड्यात साडेनऊ, दुसऱ्यात दहा, मग साडेदहा. इथे थांबा, साडेसात तास अंथरुणाला भरपूर आहेत. त्यातला बहुतेक वेळ झोपेत जाऊ लागला आणि दिवसा तरीही पेंग येत असेल, तर पंधरा मिनिटं वाढवा. अर्धा तास डोळा लागला नाही तर तळमळत पडून न राहता उठून आधाराच्या खुर्चीत बसायचं, आणि झोप आली की परत जायचं. पण हे उठणं सुरक्षित असेल तरच. पाय डगमगत असतील त्या दिवसांत पलंगावरच उशीला टेकून बसलं तरी चालेल. आणि हे गोळी उतरवण्याच्या आधी दोन-तीन आठवडे सुरू करा, दोन्ही एकदम नको.

एक सावधगिरी. पुढे कधी वडील अचानक नऊ-दहा तास झोपू लागले, तर ‘चला, झोप लागायला लागली’ म्हणून निर्धास्त होऊ नका. वृद्धांत नव्यानं वाढलेली झोप ही कमी झोपेइतकीच, कधी तिच्याहून जास्त, काळजीची असते. जंतुसंसर्ग, थायरॉइड मंदावणं, हृदयाचा आजार, औषधाचा अतिरेक यांतलं काहीही त्यामागे असू शकतं. आणि गेल्या महिन्यात पडताना डोक्याला मार लागला असेल, ते रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील आणि त्यानंतर गुंगी, डोकेदुखी किंवा चालण्यात फरक वाढला असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डोक्याचा स्कॅन करून घ्या. वयस्कर माणसात कवटीच्या आत रक्त आठवडे-आठवडे हळू साठू शकतं.

रात्री त्यांच्या खोलीत कुणी झोपावं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पहिले काही महिने, म्हणजे वेळापत्रक बदलतंय आणि गोळी उतरतेय तोवर, जरूर झोपा. धरून नेण्यापेक्षा त्यांच्या अर्धं पाऊल मागे आणि बाजूनं चाला. दंडाला धरून ओढलं तर त्यांचाच तोल जातो. त्या रात्रींत एक वही जवळ ठेवा. ते किती वाजता उठले, श्वास अडकल्यासारखा वाटला का, हातपाय झाडले का, स्वप्नात बोलले का, एवढं लिहा. ती वही, तीन दिवसांची लघवीची नोंद, आडव्या-उभ्या रक्तदाबाचे आकडे, खुर्ची आणि चालण्याचे सेकंद, आणि सगळ्या गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटांसह घेऊन डॉक्टरांकडे जा.